माशाच्या चित्रासमोर आते

फोन आला तेव्हा मी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. दुकानातले काका लॅमिनेशनच्या मशिनमधून एकेक कार्ड काढून काउंटरवर ठेवत होते. बांगडा, तारली, सुरमई, सुंगटं... अठरा फोटो, सगळे मीच काढलेले. कार्डं अजून गरम होती. बाबा एवढंच म्हणाले, "चेडवा, आते गेली गो." दोन्हीकडे नुसता फोन चालू होता. काकांनी विचारलं, "कोपरे गोल कापून देऊ?" आणि मी "हो" म्हणाले. का म्हणाले, मला अजून कळलेलं नाही. जिच्यासाठी कार्डं केली ती आता नव्हती, आणि मी तिथे उभी राहून कोपरे कापून घेत होते. तिच्या बोटांना टोचू नयेत म्हणून.

त्याला आता दीड महिना झाला. आतेविषयी लिहावं असं रोज वाटतं आणि रोज पहिल्या ओळीशी अडते. तिच्याविषयी बोलायचं तर माझ्या शिक्षणाविषयी बोलावं लागतं, आणि तिथे माझी एक चूक आहे. ती लिहिल्याशिवाय बाकीचं लिहिता येत नाही.

आते म्हणजे बाबांची थोरली बहीण, पार्वती. लग्नानंतर चार वर्षांत नवरा वारला, तेव्हा ती तोंडवलीला भावाकडे परत आली आणि मासे विकायला लागली. आमच्या मागच्या पडवीला भिंत घालून केलेली खोली तिची. सकाळी होड्या किनाऱ्याला लागल्या की ती पाटी भरून घ्यायची आणि खाडीपलीकडच्या आतल्या गावांत दारोदार जायची. आधी पाटी डोक्यावर घेऊन चालत, पुढे एसटीने. "म्हावरा इला गोऽऽ" ही तिची हाक वाडीच्या पहिल्या घराशी सुरू झाली की शेवटच्या घरातली बाई ताट घेऊन बाहेर यायची. कुणाच्या घरी सोमवार पाळतात, कुणाची सून बाळंत आहे, कुठल्या म्हाताऱ्याला काटे चालत नाहीत, हे सगळं तिला पाठ होतं. सुट्टीत मी तिच्याबरोबर जायचे. एकदा एक बाई म्हणाली, "काय गो पारू, आज डोळे मिटून म्हावरा घेतलस काय?" आतेने पाटीवरचं फडकं काढलं नि म्हणाली, "डोळे बांगड्याचे बघ. माझे कित्याक बघतस? माका काय शिजवतलस?" त्या बाईने हसत हसत दोन वाटे जास्त घेतले.

अशी बोलकी आते, आणि मी लहानपणी अडखळत बोलायचे. पहिलं अक्षर तोंडात अडकून बसायचं. शाळेत मुलं हसायची, गुरुजी "असू दे, बस खाली" म्हणायचे, आणि घरी आई मायेने माझं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायची. ते कधी बरोबर असायचं, कधी चूक. चूक असलं तरी मी मान डोलवायचे, कारण पुन्हा सुरू करण्यापेक्षा ते सोपं होतं. आते दुपारी परत आली की मी शाळेतलं काहीतरी सांगायला जायचे. आई मध्ये पडली की आते तिला म्हणायची, "तू गप रव. तिचा तिका सांगांदे." मग पाटी खाली ठेवून पायरीवर बसायची आणि मला म्हणायची, "बोल गो. माका घाई नाय. म्हावरा खंय पळान जातला?" पाटीत उरलेले चार पेडवे उन्हाने नरम पडत असायचे, मांजर भोवती फिरत असायचं, तिचे पाय सकाळपासून चालून सुजलेले असायचे... पण माझं वाक्य संपेपर्यंत ती हलायची नाही. माझ्या ओठांकडे बघायचीसुद्धा नाही. समोर माडांकडे बघत बसायची, जणू मला हवा तेवढा दिवस तिच्याकडे शिल्लक आहे.

अडखळणं पुढे कमी झालं. पूर्ण गेलं नाही. बारावीनंतर शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं की वाचा आणि भाषा यांच्यावर उपचार करायचं शिक्षण असतं, त्याला पदवी मिळते. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. मला प्रवेश मिळाला तेव्हा मी काय शिकणार हे घरच्यांना समजावताना माझीच तारांबळ उडाली. आते म्हणाली, "म्हणजे जे बोलणत नाय तेंका तू बोलतां करतलंस?" मी म्हटलं, हो, तसंच. बाबा जाळं विणत होते, ते मान वर न करता म्हणाले, "हिका गप करुचा औषद असला तर पयला ता घेवन ये." आते इतकी हसली की तिला ठसका लागला. ती हसली ते आठवलं की आता मला पुढचं लिहिवत नाही... पण लिहिते.

गेल्या वर्षी गणपतीनंतर एका सकाळी ती किनाऱ्यावरच बसकण मारून पडली. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली होती. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय थोडा ओढत राहिला, आणि बोलणं गेलं. याला वाचाघात म्हणतात. माणसाला समोरचं बरंचसं समजत असतं, सांगायचंही असतं, पण शब्दापर्यंत जाणारी वाट तुटलेली असते. मला हे पुस्तकातून माहीत होतं. पण पुस्तकात तो माणूस आपल्या पायरीवर बसलेला नसतो. फोनवर आई म्हणाली, "नुसती बघता गो ती. बघत रवता."

मी दिवाळीच्या सुट्टीत आले, बॅगेत कॉलेजची चाचणी घेऊन. चित्रांची कार्डं, गुणांचा तक्ता, फोनमध्ये रेकॉर्डिंग. तिसऱ्या वर्षाला एक छोटा प्रकल्प करायचा होता आणि मी मॅडमना विचारून आतेचाच विषय घेतला होता. मला खरंच वाटत होतं की मी तिला बरी करीन. रोज सकाळी तिच्या खोलीत बसायचं, कार्ड दाखवायचं, "हे काय आहे?" असं विचारायचं, ठरलेल्या सेकंदांपर्यंत थांबायचं, उत्तर आलं तर एक, नाही तर शून्य. तक्त्यात प्रत्येक उत्तर वेगळं लागतं म्हणून मी प्रत्येक चित्राचं रेकॉर्डिंग वेगळं करायचे. उत्तर झालं, किंवा वेळ संपली, की "बरं, पुढचं" म्हणायचं आणि बंद. फोनमध्ये जागा कमी होती. आणि नंतरच्या हातवाऱ्यांना, अर्धवट आवाजांना तक्त्यात रकाना नव्हता.

आणखी एक गोष्ट मी केली. तिच्याशी मी शहरातली मराठी बोलत होते. चाचणीत तशीच वाक्यं छापलेली होती, ती बदलायची नाहीत असं शिकवलेलं होतं. जन्मभर जिच्याशी "काय गो आते, खंय चललस" असं बोलले, तिच्यासमोर ताठ बसून मी "हे काय आहे?" विचारत होते. ती पहिल्या दिवशी माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी एखाद्या ऑफिसात साहेबाकडे बघते.

खुर्ची, शून्य. छत्री, शून्य. मग माशाचं चित्र आलं. मला वाटलं होतं, हे तरी ती सांगेल. चित्र साधं होतं, लहान मुलांच्या पुस्तकात असतं तसं. गोल पोट, त्रिकोणी शेपटी, वर एक पर, हसरं तोंड. आतेने ते डाव्या हातात घेतलं. जवळ नेलं, लांब नेलं, उलटं करून मागे पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या. ओठ हलले, थांबले, आणि खूप वेळाने आवाज आला, "खं... खंयचो?"

मी म्हटलं, "बरं, पुढचं." आणि तक्त्यात शून्य लिहिलं.

त्याच आठवड्यात बाबांनी देवळात तिच्यासाठी गाऱ्हाणं घालायचं ठरवलं. मला ते आवडलं नव्हतं, पण मीही बरोबर गेले. तिला रिक्षाने नेऊन देवळाच्या पायरीवर बसवलं. वाडीतली माणसं जमली. गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं, पार्वतीची वाचा तिला परत दे म्हणून, आणि एकेका मागणीनंतर सगळे एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणू लागले. तिसऱ्या वेळी त्या आवाजांत आतेचा आवाज होता. "व्हय म्हाराजा." स्वच्छ, जुना, पाटीवाल्या आतेचा आवाज. चौथ्या वेळीही. आई रडायला लागली. बाबांनी टोपी काढून डोळे पुसले. तिची वाचा परत यावी म्हणून घातलेल्या गाऱ्हाण्याला ती स्वतःच होकार देत होती.

आणि मी काय केलं? घरी येताना आईला समजावलं. म्हटलं, हे आपोआप येणारं बोलणं असतं, वर्षानुवर्षं तोंडात बसलेलं. प्रार्थना, शिव्या, एक-दोन-तीन असे आकडे, हे वाचाघातातही टिकतं. याला खरं बोलणं म्हणत नाहीत. आई थांबली. म्हणाली, "मगे आमी बोलतो ता खरा काय? आमचा पण सगळा आपोआपच येता." बाबा पुढे चालत होते, ते न वळता म्हणाले, "तुझ्या पुस्तकात काय असात ता असांदे. माका आवाज ऐकाक गावलो." मी सांगितलं ते चूक नव्हतं. पण त्या दिवशी ते सांगायची काही गरज नव्हती.

माझी सुट्टी संपायला दोन दिवस होते. सकाळचं काम आटोपून मी फोन चार्जिंगला लावला होता. आई मागच्या दारी आडाळो घेऊन, म्हणजे आमची विळी घेऊन, बांगडे कापायला बसली होती. बाबा होडीवर गेले नव्हते, म्हणून त्या दिवशी बांगडे बाजारातून आले होते. आते पायरीवर बसली होती. आईने एक बांगडा उचलला तशी आतेने डावा हात पुढे केला. आईने तो तिच्या हातात दिला. आतेने अंगठ्याने कल्ला उचकटून आत पाहिलं, डोळ्यावर बोट दाबलं, आणि म्हणाली, "शिळो!" मग आईकडे बघून, "कोणी दिल्यान?"

आई आडाळ्यावरून उठलीच. "बोलली! गो बाय माझे, बोलली! देवळासून इल्यावर पयल्यांदा तोंड उघडल्यान ता बांगड्याक नावां ठेवूक!" दोघी हसत होत्या. आतेचं हसू एका बाजूला वाकडं होत होतं, पण ते तिचंच होतं. मी आत धावले, फोन उपसून आणला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तिच्यासमोर बसून म्हटलं, "आते, परत म्हण ना. एकदा परत सांग." तिने माझ्याकडे पाहिलं. मग बांगडा टोपलीत ठेवला आणि माडांकडे बघत राहिली. परत म्हणाली नाही.

कॉलेजात आल्यावर मी मॅडमना रेकॉर्डिंग ऐकवलं. माशाच्या चित्राशी त्यांनी मला थांबवलं आणि पुन्हा लावायला सांगितलं. "त्या काय म्हणाल्या?" मी म्हटलं, "खंयचो. म्हणजे कुठला." मग त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे मासे विकणारी बाई नुसतं 'मासा' असं म्हणते का?" मी विचार केला. आमच्याकडे सगळं मिळून म्हावरा असतं, आणि हातात एक आला की तो बांगडो असतो, पेडवो असतो, सरंगो असतो. नुसता मासा कुणी पाटीत घालत नाही. आणि त्या चित्रातल्यासारखा मासा आमच्या समुद्रात नाहीच. "म्हणजे त्यांनी नीट विचारलं की हा कुठला," मॅडम म्हणाल्या. "आणि तू उत्तर दिलं नाहीस." त्या रागावून बोलल्या नव्हत्या. पण मी वर्गाबाहेर जाऊन रडले.

त्यानंतर मी लायब्ररीत पुष्कळ शोधलं. आमच्या शास्त्रात वाचाघातावर अभ्यास खूप आहे, पण मला मिळालेला बहुतेक परक्या भाषांमधला. आपल्या देशातल्या भाषांमध्ये कमी, मराठीत त्याहून कमी, आणि आहे तो शहरातल्या मराठीवर. मालवणी बोलणाऱ्या माणसाच्या वाचाघाताविषयी मला काही मिळालं नाही. असेलही, माझं शोधणं कमी पडलं असेल. पण आमच्या किनाऱ्यावर अशी कितीतरी माणसं पायरीवर बसून असतील, ज्यांना कुणी परक्या वाटणाऱ्या भाषेत खोटा मासा दाखवून शून्य देत असेल... हे मनातून जाईना. ज्या शब्दांशी माणूस जगला त्या शब्दांपासून सुरुवात करावी, हे आमची पुस्तकंही सांगतात. ते शब्द मात्र पुस्तकात नसतात. त्या त्या माणसाकडे जाऊन विचारावे लागतात. मला तर जायचीही गरज नव्हती. मी तिच्याबरोबर दारोदार फिरले होते.

मॅडम म्हणाल्या, नवीन कार्डं कर, मालवणीत कर, परवानगीचा अर्ज आपण देऊ. आतेला मी फोनवर सांगितलं, या वेळी आपल्याच बोलीत. "आते, आता मी खरो बांगडो घेऊन येतंय. तू माका शिकव. मी लिवन घेतंय." पलीकडून श्वास ऐकू येत होता. आई म्हणाली, "मान हलवता गो ती. हसता." मी कार्डांच्या मागे लागले. शहरातल्या मासळीबाजारात जाऊन फोटो काढले, कोळणींची बोलणी खाल्ली, फोटोंच्या प्रिंट काढल्या. परवानगीला दोन आठवडे जास्त लागले. परीक्षा मध्ये आली. मला वाटत होतं, आते कुठे पळून जाणार आहे...

होळीला आठ दिवस होते. तिला दुसरा झटका आला आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं.

बाराव्यानंतर पाहुणे गेले तेव्हा एका दुपारी मी तिच्या खोलीत बसले. पाटी भिंतीला उपडी लावलेली होती. आतेला खोबऱ्याचं तेल आणि मासळी असा मिळून एक वास होता, तो खोलीत अजून होता. मला तिचा आवाज हवा होता. फोनमध्ये त्रेपन्न फाइली आहेत. मी पहिलीपासून ऐकायला लागले. माझा आवाज, "हे काय आहे?" मग शांतता, खोलीत लांबून समुद्र. कधी एखादा अर्धा शब्द. मग माझा आवाज, "बरं, पुढचं." आणि त्यानंतर, बंद होण्याच्या अगदी आधी, आते श्वास आत घेते. बोलायला लागण्याआधी माणूस घेतो तसा. पहिल्या फाइलीत मला तो योगायोग वाटला. दुसरीतही होता. सातवीत होता. बहुतेक सगळ्या फाइलींच्या शेवटी तो श्वास आहे. ती दर वेळी काहीतरी सांगायला निघाली होती आणि दर वेळी माझं बोट आधी पोचलं होतं. जिने माझ्या एका वाक्यासाठी अख्खी दुपार बसून काढली, तिला मी काही सेकंद देऊन पुढे गेले होते.

आई दारात येऊन उभी राहिली होती. मला कळलं नव्हतं. ती येऊन बाजूला बसली आणि माझ्या पिशवीतली कार्डं बघायला लागली. वरचं कार्ड बांगड्याचं होतं. तिने ते उजेडात धरलं. "खंयसून काढलस ह्यो फोटो?" मी म्हटलं, शहरातल्या बाजारात. आई कार्डाकडे बघत राहिली. बांगड्याचे डोळे पांढरे पडलेले, खोल गेलेले. फोटो काढताना मला ते दिसलंच नव्हतं. आईला हसू आलं आणि त्याच्यातच रडू आलं. "आतेन ह्यो बघून काय म्हटल्यान असता, म्हायत आसा मा तुका?"

माहीत होतं. तिने पहिल्याच कार्डाला ते म्हटलं असतं, मोठ्याने, न अडखळता. आणि मी तक्त्यात एक गुण लिहिला असता.

आता कॉलेजच्या दवाखान्यात माझ्यासमोर माणसं येऊन बसतात. उत्तर झालं तरी मी रेकॉर्डिंग बंद करत नाही. वेळ संपली तरी थांबते. मॅडमनी ते पाहिलं आहे, त्या चालवून घेतात. आतेच्या खोलीकडे मात्र त्या दुपारनंतर मी अजून एकदाच गेले होते, गावाहून निघायच्या दिवशी सकाळी. तिच्या पायरीवर फोन ठेवला आणि माशाच्या चित्राची फाइल लावली. माझं "हे काय आहे?", मग तिचा तो प्रश्न, "खंयचो?", मग माझं "बरं, पुढचं", मग श्वास. फाइल संपली. मी बांगड्याचं कार्ड ती बसायची त्या जागी ठेवलं.

"बांगडो, आते," मी म्हटलं. पहिलं अक्षर अडलं होतं, म्हणून मला वेळ लागला. "शहरातलो. शिळो आसा, माका म्हायत आसा."

मग मी तिच्यासारखीच समोर माडांकडे बघत बसले. एसटीला अजून वेळ होता. "तू बोल गो," मी म्हटलं. "म्हावरा खंय पळान जातला?"